बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांचा राजापूर मतदारसंघ

आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे छापण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. यंदा मात्र मी ज्यांचे चरित्र लिहावयास घेतले आहे ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. संपादक मंडळापुढे मी हे प्रथमच स्पष्ट केले होते. त्यांनी हरकत घेतली नाही याबद्दल त्यांचा मी ऋणी आहे. हा अपवाद मी का केला, ते लेखाच्या अखेरीस वाचकांच्या ध्यानी येईल अशी आशा आहे.

नाथ बापू पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण बेळगाव व पुणे येथे झाले. कोकणातील बुद्धिमान मुलास त्या काळी शिक्षणासाठी घाट चढून जावे लागे, तसेच त्यांचेही झाले. त्यामुळे बेळगावशी त्यांचा जो ऋणानुबंध जडला, तो त्यांच्या अखेरच्या श्वासापर्यंत टिकला. १९४२च्या चलेजाव आंदोलनात विशीतला हा तरुण पडला व त्याने कारावास भोगला. पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी ते लंडनला गेले आणि बॅरिस्टर झाले. समाजवादी विचार त्यांनी तरुणपणीच स्वीकारला होता. युरोपात त्यास आंतरराष्ट्रीय क्षेत्र लाभले आणि १९५४ साली समाजवादी तरुणांच्या जागतिक संघटनेचे अध्यक्षपद या वेंगुर्लेकराकडे आले. त्यांच्या पत्नी क्रिस्टल या ऑस्ट्रियन होत्या.

अशा मनुष्यास दिल्ली, मुंबई अथवा परदेशातही मानाचे स्थान मिळणे अवघड नव्हते. परंतु त्यांनी लोकसभेसाठी मतदारसंघ निवडला तो आपल्या जन्मभूमीचा, म्हणजे राजापूरचा. हा मतदारसंघ कसा होता हे समजल्याखेरीज नाथ पै यांचे मोठेपण पुरतेपणी समजणार नाही. म्हणून चरित्राचा धागा थोडा बाजूस ठेवून त्यांच्या मतदारांकडे वळतो.

तेव्हा सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वी सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच मोडे. जिल्ह्याच्या उत्तर भागासाठी एक खासदार आणि राजापूरपासून सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंतच्या दक्षिण भागासाठी दुसरा, अशी विभागणी होती. दक्षिणेकडील काही भाग १९४८पर्यंत सावंतवाडी संस्थानात होता. देवगड, मालवण, राजापूर हे भाग ब्रिटिश अमलाखालील होते. खाड्यांनी तोडलेला, घाटांनी अडवलेला आणि पावसाळ्याचे चार महिने बाहेरच्या जगास जवळजवळ पारखा होणारा असा हा टापू होता. आगबोटी देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांना लागत, पण पावसाळा सुरू झाला की त्या बंद होत. रेल्वेचा रूळ तर जिल्ह्यातील बहुसंख्य माणसांनी मुंबईस गेल्यावरच पाहिला.

येथील मतदारांत मराठा, कुणबी, भंडारी, गाबीत, वाणी, सारस्वत, कऱ्हाडे, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती असे अनेक समाज होते व आजही आहेत. त्यांत सारस्वतांची संख्या अल्प. जातीची डोकी मोजूनच निकाल लागावयाचा असता, तर नाथ पै यांची अनामत रक्कमसुद्धा वाचली नसती.

दुसरी गोष्ट जमिनीची. कोकणात शतकानुशतके खोतीची पद्धत होती. खोत सारा वसूल करी आणि कूळ राबे. १९५०च्या सुमारास कायद्याने खोती रद्द झाली. कूळकायदा १९४८चा. त्यातील पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाऊ लागले. म्हणजे नाथ पै यांनी पहिली निवडणूक लढवली त्याच वसंतात त्यांच्या सहस्रावधी मतदारांच्या पायाखालची जमीन प्रथमच त्यांच्या नावे व्हावयाची होती. कायदा ही वस्तू कागदावरची नसून शेताच्या बांधापर्यंत येऊन पोचणारी आहे, हे या मतदारास कोणी शिकवावे लागले नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या मतदारसंघात पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी अधिक होत्या. १९६१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख होती आणि दर हजार पुरुषांमागे साडेबाराशेहून अधिक स्त्रिया होत्या. देशभर स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून कमी असता कोकणात हे उलटे चित्र का, याचे उत्तर प्रत्येक कोकणी घरास ठाऊक आहे. कर्ता पुरुष मुंबईस गिरणीत, गोदीत, हॉटेलात अगर कोणाच्या पेढीवर नोकरीस असे. परळ-लालबागच्या खोलीत गाववाल्यांसह तो राही आणि महिन्याकाठी मनीऑर्डर धाडी. घर, शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि मुलांची शाळा ही सारी बाईमाणसाच्या शिरावर असत. मतदानाच्या दिवशी केंद्रापुढील रांगेत ज्या उभ्या राहत त्याही बहुशः स्त्रियाच.

आमच्या मिठबावातील घर याहून निराळे नव्हते. वडील परळच्या एका गिरणीत कामाला होते. घरी आजी, आई आणि आम्ही भावंडे. आजीस अक्षरओळख नव्हती. १९५७ साली मतदानाची पद्धत अशी होती की, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे व तीवर त्याचे चिन्ह लावलेले असे. मतदाराने कागद त्या पेटीत टाकावयाचा. प्रजासमाजवादी पक्षाचे चिन्ह झोपडी होते. आजीने आपला कागद झोपडीच्या पेटीत टाकला. हे मला ती पुढे अनेक वेळा सांगे, कारण कोणाच्याही सांगण्यावाचून तिने आयुष्यात घेतलेल्या थोड्या निर्णयांपैकी तो एक होता असे तिला वाटे. तो सर्वस्वी तिचाच होता असे मात्र म्हणता येणार नाही. मुंबईहून वडिलांचे पत्र आले होते आणि त्यात नाथ पै यांच्याविषयी चार ओळी होत्या. पोस्टमनने ते पत्र ओटीवर बसून वाचून दाखविले होते. राजापूरच्या निवडणुकीचा अर्धा प्रचार अशा रीतीने मुंबईच्या चाळींत होई आणि टपालातून गावी पोचे.

१९५७ची ती निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या भरात झाली. मुंबईसह महाराष्ट्र व्हावा ही मागणी कोकणी माणसास आपल्या पोटाशी जोडलेली वाटत होती. मुंबई दुसऱ्याची झाली तर आपली मनीऑर्डर परक्या मुलखातून येणार, इतका तो सरळ हिशेब होता. जिल्ह्याच्या दोन्ही जागा काँग्रेसविरोधी उमेदवारांनी जिंकल्या. उत्तरेस जनसंघाचे प्रेमजीभाई आशर आणि दक्षिणेस प्रजासमाजवादी पक्षाचे नाथ पै.

लाटेवर निवडून येणारे पुष्कळ असतात. लाट ओसरल्यावर जो उभा राहतो त्याचे पाय भक्कम समजावेत. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि समितीचे प्रयोजन संपले. १९६२च्या निवडणुकीत महाराष्ट्रातील ४४ जागांपैकी ४१ काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या तिहींत प्रजासमाजवादी पक्षाची एकच जागा होती आणि ती राजापूरची होती. १९६७ सालीही राजापूरकरांनी नाथ पै यांनाच लोकसभेत पाठविले.

लोकसभेत त्यांची गणना उत्कृष्ट वक्त्यांत होत असे. संस्कृत काव्य, इंग्रजी साहित्य आणि कायद्याचे सूक्ष्म ज्ञान यांचा संगम त्यांच्या भाषणांत असे, आणि विरोधी बाकावरून केलेली त्यांची टीका सत्ताधारी पक्षही लक्षपूर्वक ऐके. परराष्ट्र धोरण व संरक्षण हे त्यांचे विशेष विषय. गोव्यातील पोर्तुगीज सत्तेविषयी वेंगुर्ल्याच्या माणसास जी तळमळ वाटावी ती त्यांना होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा त्यांच्या मतदारसंघाची दक्षिण सीमा परकीय सीमा राहिली नाही. कोकणात रेल्वे यावी म्हणून त्यांनी संसदेत सातत्याने आवाज उठविला.

त्यांच्या संसदीय कार्याचा कळस म्हणजे नाथ पै विधेयक या नावाने इतिहासात नोंदलेले घटनादुरुस्ती विधेयक होय. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती यापुढे संसदेस करता येणार नाही. नाथ पै यांनी त्याच वर्षी खाजगी विधेयक मांडून, मूलभूत हक्कांसह घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेस असावा असे सुचविले. ते व्यक्तिस्वातंत्र्याचे कट्टर कैवारी असता हे विधेयक त्यांनी का आणले, असा प्रश्न त्या वेळी त्यांच्या काही मित्रांनाही पडला. कायद्याचे पंडित त्याची निरनिराळी उत्तरे देतील. मला मात्र त्याचे एक उत्तर आपल्या गावच्या बांधावर सापडते. गोलकनाथ खटला मुळात पंजाबातील जमीनधारणेच्या कायद्यावरून निघाला होता. आपला मुंबई राज्याचा कूळकायदा १९५१ साली पहिल्या घटनादुरुस्तीने नवव्या परिशिष्टात घातला गेला होता आणि म्हणूनच मालमत्तेच्या हक्काच्या आधारे तो न्यायालयात पाडला जाऊ शकला नाही. न्यायालयाने जुन्या दुरुस्त्यांस हात लावला नाही हे खरे, परंतु पुढची वाट बंद केली. ज्याचे मतदार अशा दुरुस्तीच्या आधाराने नुकतेच जमिनीचे मालक झाले होते, त्या खासदाराने संसदेचा हा अधिकार मोलाचा मानला यात नवल नाही.

हे विधेयक त्यांच्या हयातीत संमत झाले नाही. पुढे १९७१ साली चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेस तो अधिकार परत मिळाला. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने तो मान्य केला, मात्र घटनेच्या मूलभूत चौकटीस धक्का लावता येणार नाही अशी मर्यादा घातली. पुढे आणीबाणीत देशाने जे पाहिले त्यावरून ही मर्यादा किती आवश्यक होती हे दिसले. नाथ पै यांच्या मताची दुसरी बाजूही होती आणि ती दुर्बळ नव्हती, हे त्यांच्या चाहत्यानेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

२७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि मध्यावधी निवडणुकीची तयारी सुरू झाली. १७ जानेवारी हा सीमाभागात हुतात्मादिन म्हणून पाळला जातो. १९५६च्या जानेवारीत सीमाप्रश्नावरील आंदोलनात बळी पडलेल्यांचे ते स्मरण आहे. १९७१ साली त्या दिवसासाठी नाथ पै बेळगावास गेले व तेथील सभेत बोलले. त्यानंतर काही तासांतच, १८ जानेवारी रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८. ज्या नगरीत विद्यार्थी म्हणून घडले त्याच नगरीत त्यांनी देह ठेवला.

मी तेव्हा मराठी शाळेत शिकत होतो. गावात रेडिओ एकदोघांकडेच होते. बातमी कशी आली ते आठवत नाही, पण शाळा सुटल्यावर घरी आलो तो चूल पेटलेली नव्हती हे आठवते. आजी ओटीवर बसून होती. घरातले कोणी गेले म्हणून चूल पेटत नाही हे मला ठाऊक होते. घराबाहेरचा, दुसऱ्या ज्ञातीचा, जवळून कधी न पाहिलेला मनुष्य गेला म्हणून असे घडते, हे मी तेव्हा प्रथम पाहिले. पुढील मार्चमध्ये मतदान झाले. देशभर इंदिरा गांधींची लाट होती. प्रजासमाजवादी पक्षास साऱ्या देशात दोनच जागा मिळाल्या. त्यांतील एक राजापूरची. प्रा. मधु दंडवते तेथून निवडून आले. ते मूळचे अहमदनगरचे, म्हणजे जिल्ह्याचेही नव्हेत. तरीही राजापूरने त्यांना १९७१पासून १९८९पर्यंत सलग पाच वेळा निवडून दिले. १९८४च्या प्रचंड लाटेतही त्यांची जागा टिकली. नाथ पै यांनी रेल्वेची मागणी केली होती. दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री व १९८९ साली अर्थमंत्री झाले. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. एका मतदारसंघाने दोन माणसांस एकाच मागणीसाठी पिढीभर पाठविले, त्याचे हे फळ होय.

१९९१ साली दंडवते यांचा पराभव झाला. तेथून पुढे काँग्रेस व शिवसेना यांचा काळ आला. १९९६ ते २००४ या चारही निवडणुकांत शिवसेनेचे सुरेश प्रभू विजयी झाले. कोणत्या पक्षाची बाजू घेण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु एक गोष्ट सांगावीशी वाटते. पूर्वी गिरणगावातून समाजवादी विचार पत्राबरोबर गावी आला. नंतर त्याच गिरणगावातून, त्याच चाकरमान्यांच्या मुलांबरोबर, शिवसेना गावी आली. पक्ष बदलला, वाट तीच राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी, म्हणजे नाथ पै यांच्या स्मृतिदिनीच, गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या व मनीऑर्डरीही आटल्या.

२००८च्या पुनर्रचनेत राजापूर हे लोकसभा मतदारसंघाचे नावच गेले. आता चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ व सावंतवाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ होतो. आपला देवगड तालुका त्यातील कणकवलीत येतो. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ भरली. २००१ साली ती ८,६८,८२५ होती. देश वाढत असता आपला जिल्हा घटला. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण त्याच दहा वर्षांत १०७९वरून १०३६वर आले. पुरुष गावी परतले म्हणून हे झाले असते तर आनंदच होता. पण लोकसंख्याच घटली, त्याअर्थी आता पुरुषापाठोपाठ त्याचे कुटुंबही जात आहे. पूर्वी आजी घरी राहून मत देत होती. आता घरास कुलूप आहे.

आता हा लेख या स्मरणिकेत का, ते सांगतो. शिक्षकाच्या नोकरीत मतदान केंद्रावरील काम अनेकदा वाट्यास आले, त्यामुळे मतदार यादी वाचण्याची मला सवय आहे. निवृत्तीनंतर एका निवडणुकीपूर्वी काही कार्यकर्ते घरी आले आणि त्यांनी यादीत आपल्या ज्ञातीच्या नावांवर खुणा करून देण्याची विनंती केली. आडनावे मला पाठ. मी कंदिलाच्या काळातला मनुष्य विजेच्या दिव्याखाली दोन रात्री बसलो आणि खुणा करून दिल्या. त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही, उलट उपयोगी पडल्याचे समाधानच वाटले.

तिसऱ्या दिवशी खुणांची बेरीज करण्यास बसलो तेव्हा ध्यानी आले की, खूण केलेल्यांपैकी कित्येक जण नालासोपारा, विरार, डोंबिवलीस राहतात, काही हयात नाहीत, आणि काही घरांतील पोरांची नावे वयाची अठरा वर्षे होऊनही यादीत चढलेलीच नाहीत. आमचे संख्याबळ म्हणून जे मी कागदावर उभे केले होते, त्यातील पुष्कळ नावे बंद दरवाजांची होती. आणि मग मला आजीची आठवण झाली. १९६७च्या निवडणुकीत वाडीतील एका वडीलधाऱ्या ज्ञातिबांधवाने तिला दुसऱ्या उमेदवारास मत देण्यास सुचविले होते. त्यांचा मान ठेवून तिने होकारार्थी मान हलविली आणि केंद्रात जाऊन झोपडीवर शिक्का मारला. त्या निरक्षर बाईने जे केले नाही ते मी मॅट्रिक झालेल्या शिक्षकाने केले होते. मतदाराची किंमत मी आडनावावरून लावली होती.

ज्ञातिसंघ असू नये असे माझे मत नाही. गरीब विद्यार्थ्यास पुस्तके, विधवेस आधार, मुंबईत नव्या मुलास राहावयास जागा, ही कामे आपल्या संघाने केली आहेत व पुढेही करावीत. पण मताची मोट बांधून ती कोणाच्या दारात नेऊन टाकणे हे संघाचे काम नव्हे. त्यापेक्षा प्रत्येक सभासद कुटुंबाने पुढील निवडणुकीपूर्वी तीन गोष्टी कराव्यात. घरातील अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींची नावे यादीत चढवावीत. मृतांची नावे कमी करण्याचा अर्ज द्यावा. आणि उमेदवार दारी आला की त्याची जात न विचारता, गावातील शाळेची पटसंख्या आणि जवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांविषयी तो काय करणार हे विचारावे.

२०२२ हे नाथ पै यांचे जन्मशताब्दीचे वर्ष होते. मालवणचे सेवांगण त्यांच्या नावे आहे, कुडाळातील शिक्षणसंस्था त्यांच्या नावे आहे. ही स्मारके उचित आहेत. परंतु त्यांचे पहिले स्मारक आपल्या आजी-पणज्यांनीच १९५७ साली उभारले. त्यांनी जात पाहिली नाही, माणूस पाहिला. गजबादेवीच्या डोंगरावरून समुद्राकडे पाहताना मला कधी कधी देवगडला लागणाऱ्या त्या जुन्या आगबोटीची आठवण होते आणि वाटते, त्या बोटीने जे टपाल येई त्यातील अक्षर वाचता येत नसतानाही ज्यांना त्याचा अर्थ कळला, त्यांची आपण नातवंडे आहोत. एवढे स्मरण राहिले तरी पुरे.

मिठबाव, तालुका देवगड — एक निवृत्त शिक्षक